न तपासलेली वही

लातूरच्या ट्यूशन एरियात महादेवी मावशीच्या मेसला नवीन पोरगी जेवायला आली, की पहिल्या दिवशी तिला दोन प्रश्न ठरलेले असत. तिखट चालतं का, हा एक. आणि यॉन्डर म्हणजे काय, हा दुसरा.

पहिल्याचं उत्तर पोरी पटकन देत. दुसऱ्याला गडबडत. बिलोलीहून, परभणीहून, बीडहून डॉक्टर व्हायला आलेल्या या पोरींना शरीरातली हाडं न् हाडं पाठ असायची, पण हा शब्द त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता.

"मावशी, हे नीटला येत नाही," कुणी म्हणायची.

"मावशी, कुठल्या सरांच्या नोट्समध्ये आहे हे?"

परभणीची एक जरा हुशार होती. ती म्हणाली, "तिथं. यॉन्डर म्हणजे तिथं."

"तिथं म्हनायला दुसरा शबुद हाय की तुमच्या इंग्रजीत. त्यो मला बी ठावं हाय. मग ह्यो कशाला काढला त्यांनी?"

मागं बसलेल्या जुन्या पोरी ताटावरच हसायच्या. "मावशीची एन्ट्रन्स लई अवघड आहे गं. त्यापेक्षा नीट बरी."

मावशीही हसायची आणि तव्यावरची भाकरी उलटायची. खरं म्हणजे उत्तर तिला ठाऊक होतं. चोवीस वर्षांपासून ठाऊक होतं. तिला ते फक्त एखाद्या पोरीच्या तोंडून परत ऐकायचं होतं.

हा शब्द तिच्या घरात आला तो त्र्याण्णव सालच्या भादव्यात. तेरणेच्या काठी करंजगावात तिचं सपाट मातीच्या छताचं, माळवदाचं घर होतं. घरात नवरा सिद्रामप्पा आणि आठवीत शिकणारी एकुलती एक लेक, शिवकन्या. शाळेत इंग्रजीला निजामोद्दीन सर होते. औशाहून एस.टी.नं यायचे, अंगात कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. या सरांना एक नाद होता. दर सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात ते एक जुना इंग्रजी शब्द लिहायचे. पुस्तकात नसलेला, परीक्षेला न येणारा. पोरांना सांगायचे, "हे शब्द आता म्हातारे झालेत. यांना कुणी विचारत नाही. आपण विचारू." मग आठवडाभरात त्या शब्दाची पाच वाक्यं वहीत लिहून आणायची. वाक्यं आपल्या घरातली, आपल्या शिवारातली पाहिजेत. लंडनचा पूल वगैरे कुणी लिहिलं, तर सर वही परत द्यायचे.

गणपतीच्या आठवड्यात यॉन्डर आला. सरांनी सगळा वर्ग मैदानात नेला. जवळचा दगड दाखवला, त्याला एक शब्द. फाटकापाशी उभा असलेला शिपाई दाखवला, त्याला दुसरा. मग तेरणेपलीकडची धुरकट टेकडी दाखवून म्हणाले, "आणि हिला? इंग्रजांच्या जुन्या लोकांकडं तिसरा शब्द होता. जे लांब आहे, पण नजरेला दिसतंय. तिथवर बोट जातं, पाय जात नाहीत. ते यॉन्डर."

शिवकन्या घरी आली ती हेच बोलत. "आये, इंग्रजीत लांबचं दोन परकारचं अस्तंय. एक नुस्तं लांबचं. आन् एक लांबचं पन दिसनारं."

"आपल्यात बी हाय की." महादेवीनं पिठाचा हात वर करून दाखवला. "तिकडं. आन् त्याच्या म्होरं, तिकडंऽऽ."

"त्यो आवाज तानला तू. शबुद न्हाई नवा."

"आवाज तानून भागतंय तर नवा शबुद कशाला पायजे माय?"

पण पोरीला शब्दच पाहिजे होता. पुढचे आठ दिवस घरात यॉन्डरचा नुसता सुकाळ झाला. यॉन्डर म्हैस. यॉन्डर देवळाचा कळस. "आये, यॉन्डर बाबा येऊन राह्यले!" सिद्रामप्पा वैतागून म्हणाला, "मला काय नाव ठिवलंय हिनं हे?"

मंगळवारी पोरांनी वह्या दिल्या. सर त्या पिशवीत घालून तपासायला औशाला घेऊन गेले. बुधवारी अनंत चतुर्दशीची सुट्टी. गुरुवारच्या पहाटे भूकंपात जे झालं, ते आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको, आणि दुसऱ्याला सांगून कळत नाही. महादेवी आणि सिद्रामप्पा यांना लोकांनी मातीतून ओढून काढलं. शिवकन्येला काढायला दुपार झाली.

त्यांच्या लिंगायत समाजात माणूस गेलं, की मातीत बसवतात, हातावर लिंग ठेवून. वरती समाधी करतात. पण त्या दिवसांत खड्डे खणायला हात उरले नव्हते. गावातल्या सगळ्यांना एकत्र अग्नी दिला. कुणाची काय रीत, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. महादेवीनं कधी त्याची तक्रार केली नाही. देवाला अग्नी काय नि माती काय, असं ती म्हणायची. पण निलंग्याला नातलगांकडं गेली, की बायका रानाच्या कडेला बोट करून सांगायच्या, ती आमच्या सासूबाईंची जागा, ती थोरल्या दिराची. तेव्हा ती पदराची गाठ सोडायची, परत बांधायची. बोट करायला तिच्याकडं जागाच नव्हती.

दिवाळीच्या आधी निजामोद्दीन सर, वाचलेलं गाव राहत होतं त्या पत्र्याच्या शेडांत आले. खांद्याला तीच पिशवी. शर्ट इस्त्रीचा नव्हता. सगळ्या गावात एकही वही वाचली नव्हती, आणि सरांच्या पिशवीत आठवीच्या सगळ्या वह्या शाबूत होत्या, बुधवारच्या सुट्टीमुळं. जी पोरं वाचली होती त्यांच्या हातात सर वह्या देत होते. जी नव्हती, त्यांच्या घरच्यांच्या. काही बाया वही छातीला धरून मोठ्यानं रडल्या. एकानं घेतली नाही, तोंड फिरवलं.

महादेवी मदतीत आलेले गहू निवडत बसली होती. तिनं हात पुसले, वही घेतली, शेवटचं पान उघडलं. तिचं शिक्षण चौथीपर्यंत, तेही मराठी. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं. पण लाल शाई तिला कळायची. पानावर लाल शाई नव्हती.

"तपासली न्हाई?"

"नाही ताई. त्या दिवशी रात्री तपासणार होतो. मग..."

तिनं वही मिटून सरांच्या हातात दिली.

"तपासून द्या."

"ताई, आता..."

"माझी पोरगी तपासल्याबिगर वही घरी आनत न्हवती, सर. तपासा, आन् मग आना."

सिद्रामप्पा आतून म्हणाला, "घे की गं. कामून त्रास देती त्यांना?" पण ती परत गहू निवडायला लागली होती. सर "आणतो" म्हणाले आणि वही पिशवीत ठेवून गेले.

पुढं सरांची बदली नांदेड जिल्ह्यात, कंधारकडं झाली. करंजगावाला नवी जागा मिळाली, जुन्या गावापासून दोन-तीन किलोमीटरवर. सरळ रस्ते, एकसारखी घरं, घरावर नंबर. घर चांगलं होतं, पण सिद्रामप्पाचं मन तिथं लागेना. तो दिवसभर ओट्यावर बसून जुन्या गावाच्या झाडांकडं बघत राहायचा. शेवटी महादेवीच म्हणाली, चला लातूरला. तो मार्केट यार्डात हमालीला लागला. ती क्लासच्या पोरांना डबे करायला लागली. तेव्हा क्लासेस नुकते वाढत होते. बघता बघता गल्लीच्या गल्ली पोरांनी भरली, घराघरात खाटा पडल्या, भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो लागले. डब्यांची मेस झाली. सिद्रामप्पा तापाचं निमित्त होऊन गेला, त्याला आता दहा वर्षं झाली. त्याला मात्र तिनं रीतीनं मातीत बसवलं.

वही राहिली ती राहिलीच.

कंधार काही परदेशात नव्हतं. बसनं गेलं तर तीन-चार तासांची वाट. पण सर "आणतो" म्हणाले होते. शिक्षकानं दिलेल्या शब्दाची आठवण करून द्यायची म्हणजे त्यांच्यावर विश्वास नाही असं दाखवायचं, आणि हे तिच्या रीतीत बसत नव्हतं. वह्या लई असतील, वेळ मिळत नसंल, असं पहिल्या वर्षी तिनं स्वतःला सांगितलं. दहाव्या वर्षीही हेच सांगितलं. सोमवारी लिंगपूजा झाली, की ती महादेवाकडं स्वतःसाठी काही मागत नसे. सरांची तब्येत तेवढी चांगली ठेव, एवढंच म्हणायची.

लुबना बिलोलीची. दोन हजार सतराच्या जूनमध्ये आली. किडकिडीत, चष्मा, बोलायला तेज. पहिल्या दिवशी मावशीचा दुसरा प्रश्न ऐकून तिनं "नीटला येत नाही" म्हटलं नाही. "उद्या सांगते," म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी ताट घेताना म्हणाली,

"मावशी, लांब आहे पण दिसतंय, त्याला यॉन्डर म्हणतात. बोट करून म्हणायचा शब्द आहे."

तव्यावरची भाकरी करपली.

"कुठं घावलं तुला?"

"अब्बांकडं जुना जाडा कोश आहे, त्यांना फोन केला होता. त्यात लिहिलंय, बोलण्यातून गेला आता हा शब्द. कवितांत, नाटकांत सापडतो. मेंढपाळ म्हणतो, यॉन्डर तारा निघाला. राजा गच्चीवरून विचारतो, यॉन्डर कोण घोडेस्वार येतोय? आज कुणी असं बोललं तर लोक हसतील."

"हसू दे," मावशी म्हणाली. आणि इतक्या वर्षांत कुणा पोरीला सांगितली नव्हती ती सगळी हकिकत तिनं लुबनाला सांगितली. पोरगी जेवायची विसरली.

लुबनाचे मामू कंधारला असायचे. चार दिवसांनी ती चौकशी करून आली. चेहरा पडलेला.

"सर आहेत, मावशी. रिटायर होऊन तिथंच राहिलेत. पण साखरेनं डोळे चाललेत त्यांचे. एक गेलाच. दुसऱ्यानं फक्त माणसाचा आकार दिसतो म्हणे."

"मग तपासतील कसं?"

तोंडातून गेलं, आणि मावशीला स्वतःचीच लाज वाटली. माणसाचे डोळे चाललेत आणि आपल्याला वहीचं पडलंय. ती त्या दिवशी जेवली नाही. पण रविवारी, सिद्रामप्पा गेल्यानंतर पहिल्यांदा, तिनं मेसला सुट्टी दिली. पोरींसाठी पातेलंभर चुरमुऱ्यांचं सुशीला करून ठेवलं आणि वाटेसाठी धपाटे बांधले. लुबना बरोबर निघाली.

"तुजी टेस्ट हाय ना आज?"

"एका टेस्टनं डॉक्टर व्हायची राहत नाही मी."

"तुज्या अब्बाला कळलं, तर माजी मेस बंद करतील ते."

"अब्बांनाच तर सगळ्यांत जास्त घाई आहे, वहीत काय लिहिलंय त्याची."

चाकूर, अहमदपूर, लोहा. मावशी खिडकीतून बाहेर बघत होती आणि काहीच बघत नव्हती. आपण काय मागायला चाललोय, हे तिला नीट सांगता आलं नसतं. वहीचा कागद हवा होता का? तो तर शेडमध्येच मिळत होता. तिनंच परत केला होता. तेव्हा हट्ट वाटला असेल लोकांना. पण तपासायला दिलेली वही तपासून परत येते, ती पोरगी शाळेत जात असेल तेव्हाच. महादेवीला तेवढं एकदा व्हायला पाहिजे होतं.

सरांच्या बायकोनं, बेगमबींनी, दार उघडलं. सर खाटेवर बसले होते. शर्ट पांढरा, इस्त्रीचा.

"कोण आहे?"

"शरणार्थी, सर." महादेवीनं आपल्या रीतीचा नमस्कार केला. "वही न्यायला आले."

सरांनी नाव विचारलं नाही. बायकोला म्हणाले, "बेगम, पेटीतली वही काढ. करंजगावच्या महादेवीबाई आल्यात."

"पहले पानी तो पीने दो उनको," बेगमबी म्हणाल्या. "या बाई, आत या. या वहीनं माझी पेटी चोवीस साल अडवून ठेवलीय. आज तर जागा होईल."

वही फडक्यात गुंडाळलेली होती. सरांनी ती मांडीवर घेतली.

"बाकीच्या सगळ्या पोचवल्या मी, एकानं घेतली नव्हती तीसुद्धा. ही राहिली. तुम्ही तपासून मागितली होती." ते बोटांनी वहीची कड चाचपत होते. "लाल पेन घेऊन बसायचो ताई. कितीतरी वेळा. पान उघडायचो आणि मिटायचो. चूक निघाली तर कुणाला रागावू? बरोबर निघालं तर कुणाला शाबास म्हणू? एक ओळ वाचली नाही मी. मग डोळेच गेले. वाटलं, अल्लानं सोडवलं. पण तसं नव्हतं."

महादेवीनं मान खाली घातली. "मी बी काय बोलून बसले त्या दिवशी."

"नाही. बरोबर बोललात तुम्ही." सरांनी वही अंदाजानं लुबनाच्या दिशेला पुढं केली. "बेटी, तू वाच. मी ऐकतो. लाल पेन आहे का?"

लुबनाच्या पर्समध्ये लाल पेन होता. ती वाचायला लागली, आधी इंग्रजीत, मग मावशीसाठी मराठीत.

पहिलं वाक्य महादेवाच्या देवळाचं होतं. सर म्हणाले, "बरोबर." दुसऱ्यात बाबा बैलं घेऊन येत होते. बरोबर. तिसऱ्यात टेकडीवर पाऊस पडत होता आणि गावात नव्हता. सर जरा सावरून बसले. "वा. बरोबर." चौथं वाक्य ऐकून मात्र त्यांच्या कपाळाला आठी पडली. यॉन्डर लातूर आहे, असं पोरीनं लिहिलं होतं, तिथं मी शिकायला जाणार आहे.

"लातूर कुठलं दिसायला करंजगावातून?"

"माळवदावर चढली की तिला दिवे दिसायचे म्हनं," महादेवी म्हणाली. "मला कदी दिसले न्हाईत, सर."

सरांनी विचार केला. "लिहिणाऱ्याला दिसत असेल तर चालतं. कवी लोक हेच करतात. जिथं पोचता येत नाही, ते दिसतंय म्हणून सांगतात, त्याच्यासाठीच त्यांनी हा शब्द जपून ठेवला. बरोबर धर बेटी."

लुबनानं पाचवं वाचलं. मग थांबून मराठीत म्हणाली, "माझी आई यॉन्डर चुलीजवळ भाकरी करते."

बेगमबींनी तोंडाला पदर लावला.

"बरोबर," सर म्हणाले. "पाचपैकी पाच दे."

"सर," महादेवी म्हणाली.

"बोला."

"चूल हाताभरावर व्हती. ती वही घेऊन माज्या पाठीला पाठ लावून बसली व्हती. मी पीठ मळत व्हते आन् ती लिवत व्हती. मला आटवतंय. हे वाक्य बरोबर हाय का?"

सर खाटेची कड चाचपायला लागले.

"खरं सांगा."

"नाही," सर म्हणाले. "हाताभरावर असेल, तर चूक आहे."

"मग चूक म्हना. बाकीच्या पोरास्नी जसं तपासत व्हता, तसं तपासा. दया नका करू तिच्यावर."

सरांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग ताठ बसले आणि एकदम त्यांचा आवाज बदलला, वर्गात असायचा तसा झाला. "पाचव्याला फुली मार. पाचपैकी चार. खाली लिही, वाक्यं छान, विचार करून लिहावं. आणि चुकलेलं वाक्य दुरुस्त करून तीन वेळा लिहून आणायचं."

बोलून गेले आणि जागीच थिजले. लुबनाचा पेन थांबला. बेगमबी हळूच म्हणाल्या, "अजी, क्या बोलते..."

पण महादेवी पुढं सरकून बसली होती. "दुरुस्त करून म्हंजी काय लिवायचं?"

"ताई, माझ्या तोंडून सवयीनं..."

"सांगा की. काय लिवायचं?"

सरांचे न दिसणारे डोळे तिच्या आवाजाच्या दिशेला होते. "माझी आई इथे आहे," ते सावकाश म्हणाले. "चुलीजवळ भाकरी करते. असं."

"मी लिवून आनते."

"इंग्रजीत?"

"ही गिरवायला काडून दील मला. कदी दावायचं?"

सरांनी शर्टाची कॉलर सरळ केली. "रविवारी या," ते म्हणाले. "वेळेवर या. उशीर मला चालत नाही."

"आणि येताना असेच धपाटे पुन्हा आणा," बेगमबी नाक ओढत म्हणाल्या. "पिशवीतून मघापासून खमंग वास येऊन राहिलाय."

बुधवारी दुपारी एक वाजता पोरी क्लासमधून सुटून मेसला आल्या, तर चूल नुसतीच पेटलेली, परातीत पीठ कोरडं. मावशी भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर पिवळी पडलेली वही, हातात पेन. वहीच्या कोऱ्या राहिलेल्या पानावर दोन ओळी झाल्या होत्या. अक्षरं मोठी, वाकडी, उताराला लागल्यासारखी खाली खाली गेलेली. एकेक ओळ लिहायला तिला एकेक दिवस लागला होता.

"मावशी, भाकरी कुठंय? दोनला लेक्चर आहे."

"बसा जरा. दोनदा झालंय, एकदा राह्यलंय."

"मग लिहा ना पटकन एकदाचं."

"पटकन कामून?" मावशीनं पेनाला टोपण लावलं, पानावरून एकदा हात फिरवला आणि पीठ मळायला उठली. "रविवारला अजून चार दिस हायत."